उणे दहाचा पाया: वजाचं चिन्ह न वापरता सगळे पूर्णांक लिहायची पद्धत

शाळेत पाया बदलायचा म्हणजे फार तर २ चा, आणि पुढे कॉम्प्युटरला गेलात तर ८ आणि १६ चा, सगळे धन. पण पाया ऋण घेतला तर काय होतं हे फारसं कोणी सांगत नाही, आणि तिथेच खरी मजा आहे, कारण एकदा पाया −१० घेतला की वजाचं चिन्ह लागतच नाही, धन काय ऋण काय, सगळे पूर्णांक ० ते ९ याच अंकांनी लिहिता येतात, आणि प्रत्येक संख्येचं रूप एकच. ही आयडिया नवी नाही, व्हितोरियो ग्रुनवाल्ड नावाच्या इटालियन माणसाने १८८५ सालीच एका इटालियन गणिताच्या मासिकात ऋण पायातली बेरीज, वजाबाकी, गुणाकार वगैरे मांडून ठेवलं होतं. खाली सगळं स्टेप बाय स्टेप लिहितोय, कागद पेन घेऊन बसा, नुसतं वाचून डोक्यात बसणार नाही.

आधी स्थानिक किंमती. आपल्या नेहमीच्या पद्धतीत एकक, दशक, शतक, हजार म्हणजे १, १०, १००, १०००. पाया −१० झाला की १, −१०, १००, −१०००, १००००, −१००००० असं होतं, म्हणजे एक स्थान धन, पुढचं ऋण, परत धन. दशक आणि हजार ऋण, एकक, शतक, दशहजार धन, एवढं पाठ करा. नेहमीच्या आकड्यांशी घोळ होऊ नये म्हणून या पद्धतीतल्या आकड्याच्या आधी मी ऋ लिहितो. ऋ१८५ म्हणजे १०० − ८० + ५ = २५. आणि वाचताना "ऋ एक आठ पाच" असं सुटं वाचा, "एकशे पंच्याऐंशी" म्हणालात की मेंदू लगेच जुन्या सवयीवर जातो.

अजून दोनचार बघा म्हणजे अंदाज येईल. ० ते ९ जसेच्या तसे. १० मात्र ऋ१९०, कारण १०० − ९०. २० म्हणजे ऋ१८०. ९९ म्हणजे ऋ११९. −१ म्हणजे ऋ१९ (−१० + ९), −५ म्हणजे ऋ१५, −१० म्हणजे ऋ१० आणि −३७ म्हणजे ऋ४३. बघितलंत ना, कुठेही वजाचं चिन्ह नाही.

मोजत गेलं की हे गाडीच्या किलोमीटरच्या मीटरसारखं वाटतं, फक्त एकाआड एक चाक उलटं फिरतंय. ऋ१९० (१०) पासून ऋ१९९ (१९) पर्यंत एकक पुढे जातो, मग दशकाचं चाक एक घर मागे, ऋ१८० (२०), असं करत करत ऋ१०९ (१०९) पर्यंत, आणि आता दशक ० च्या खाली जाऊ शकत नाही म्हणून शतक एकने वाढतं आणि दशक परत ९ वर, ऋ२९० म्हणजे ११०.

आता नेहमीचा आकडा यात कसा बदलायचा. दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता सरळ भागाकाराचा, कुठल्याही पायात चालतो. संख्येला −१० ने भागा, बाकी लिहून ठेवा, भागाकाराला परत −१० ने भागा, ० येईपर्यंत, आणि शेवटी बाक्या उलट्या क्रमाने वाचा. अट एकच, बाकी कायम ० ते ९ मध्येच पाहिजे, ऋण बाकी चालणार नाही. महाराष्ट्र राज्य स्थापनेचं साल १९६० घेऊ. १९६० = −१० × (−१९६) + ०, म्हणून बाकी ०. आता −१९६, इथे गडबड होते, बरेच जण भागाकार १९ आणि बाकी −६ लिहितात, पण बाकी ऋण नको म्हणून −१९६ = −१० × २० + ४, बाकी ४ आणि भागाकार २०. मग २० = −१० × (−२) + ०, बाकी ०. −२ = −१० × १ + ८, बाकी ८. उरला १, बाकी १. खालून वर वाचलं की ऋ१८०४०. ताळा करा: १०००० − ८००० + ० − ४० + ० = १९६०. बरोबर.

ज्यांना याचा प्रोग्राम लिहायचाय त्यांनी इथेच थांबून एक गोष्ट नीट बघा, कारण पायथॉन असो की सी, −१० ने भागल्यावर कधी ना कधी ऋण बाकी हातात येतेच, फक्त दोघांत ती वेगवेगळ्या वेळी येते. २०२५ ला −१० ने भागलं तर सी मध्ये भागाकार −२०२ आणि बाकी ५ मिळते, पायथॉनमध्ये −२०३ आणि −५. उपाय दोन्हीकडे सारखाच आहे, बाकी ऋण आली तर बाकीत १० मिळवा आणि भागाकारात १ मिळवा. −५ चे ५ झाले, −२०३ चे −२०२ झाले, झालं काम. या दोन ओळी विसरलात तर प्रोग्राम काही आकड्यांना बरोबर उत्तर देईल आणि काहींना भलतंच, आणि तुम्ही तासभर शोधत बसाल.

दुसरा रस्ता हाताने करायला जास्त सोपा आहे आणि मला तोच आवडतो. नेहमीचा आकडा घ्या आणि उजवीकडून डावीकडे चालत या. धन संख्या असेल तर एकक, शतक, दशहजार यांना हात लावायचा नाही. दशक, हजार ही जी ऋण स्थानं आहेत तिथला अंक ० नसेल तर त्याच्या जागी १० मधून तो वजा करून जे उरेल ते (याला पूरक म्हणू) लिहायचं आणि डावीकडच्या स्थानात १ हातचा द्यायचा. का? कारण ६० म्हणजेच १०० − ४०. कुठेही हातचा मिळवून अंक १० झाला तर ० लिहा आणि हातचा १ पुढे द्या, तिथे पूरक घ्यायचा नाही.

१९६० करून बघू. एकक ०. दशक ६, त्याचे झाले ४, हातचा १. शतक ९ + १ = १०, म्हणून ०, हातचा १. हजार १ + १ = २, ऋण स्थान, म्हणून ८, हातचा १. दशहजार १. परत ऋ१८०४०. भागाकार नाही काही नाही, जमलं तर तोंडी.

संख्या ऋण असेल तर फक्त जागा बदलतात, आता दशक, हजार तसेच ठेवायचे आणि एकक, शतक, दशहजार यांचे पूरक घ्यायचे. −१९६० घ्या, चिन्ह बाजूला ठेवून १९६० वर चाला. एकक ० म्हणून ०. दशक ६ तसाच. शतक ९ चा पूरक १, हातचा १. हजार १ + १ = २ तसाच. ऋ२१६०. ताळा: −२००० + १०० − ६० = −१९६०. एक लक्षात आलं असेल, १९६० आणि −१९६० ची रूपं एकमेकांपासून अगदीच वेगळी दिसतात, नुसतं बघून हे एकमेकांचे विरुद्ध आहेत हे कळत नाही. ही या पद्धतीची एक किंमत आहे, फुकट काही मिळत नाही.

मग धन की ऋण हे ओळखायचं कसं? अंक मोजा. अंकांची संख्या विषम असेल तर धन, सम असेल तर ऋण. एवढंच. ऋ१८०४० मध्ये पाच अंक, धन. ऋ२१६० मध्ये चार, ऋण. कारण असं की सगळ्यात डावीकडचं स्थान बाकी सगळ्यांवर भारी पडतं, उरलेले सगळे मिळूनही त्याचं चिन्ह पलटवू शकत नाहीत. एक अंकी ० ते ९, दोन अंकी −९० ते −१, तीन अंकी १० ते ९०९, चार अंकी −९०९० ते −९१, पाच अंकी ९१० ते ९०९०९. मोजून बघा, तीन अंकी आकडे ९०० आणि १० ते ९०९ मधल्या संख्याही बरोबर ९००, दोन अंकी ९० आणि −९० ते −१ हेही ९०. एकही संख्या सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही.

लहानमोठं ठरवताना मात्र सांभाळा. अंकांची संख्या सारखी असेल तर डावीकडून पहिला वेगळा अंक शोधायचा, तो एकक, शतक, दशहजार अशा धन स्थानावर असेल तर मोठा अंक तो मोठा, पण दशक किंवा हजारात असेल तर उलटं. ऋ१८५ आणि ऋ१७८ मध्ये ऋ१७८ मोठा, कारण तो ३८ आहे आणि ऋ१८५ फक्त २५.

बेरजेला बसू. अंक अंकाखाली लिहून नेहमीसारखंच करायचं, फक्त हातचा उलटा. बेरीज १० किंवा जास्त झाली की १० काढून उरलेलं लिहा आणि पुढच्या स्थानाला १ द्यायच्या ऐवजी पुढच्या स्थानातून १ काढा. आणि एखाद्या स्थानावर −१ आला तर तिथे ९ लिहून पुढच्या स्थानात १ मिळवा. २५ + ३८ म्हणजे ऋ१८५ + ऋ१७८. एकक ५ + ८ = १३, ३ लिहा, हातचा −१. दशक ८ + ७ − १ = १४, ४ लिहा, हातचा −१. शतक १ + १ − १ = १. ऋ१४३, म्हणजे १०० − ४० + ३ = ६३. छान.

साधं ८ + ७ पण करून बघा, −१ ची केस तिथे येते. १५ झाले, ५ लिहा, हातचा −१, दशकात काहीच नाही म्हणून −१ उरला, ९ लिहा आणि शतकात १. ऋ१९५, म्हणजे १५.

पण खरं काम दिसतं ते धन आणि ऋण मिसळले की. २५ आणि −२५ ची बेरीज, ऋ१८५ + ऋ३५. एकक ५ + ५ = १०, ० आणि −१. दशक ८ + ३ − १ = १०, ० आणि −१. शतक १ − १ = ०. उत्तर शून्य. "चिन्हं वेगळी असतील तर मोठ्यातून लहान वजा करा आणि मोठ्याचं चिन्ह द्या" हा सातवीतला नियम इथे नाहीच, बेरीज म्हणजे बेरीज. वजाबाकी तशीच, अंक पुरला नाही तर १० मिळवा आणि पुढच्या स्थानात १ वाढवा (आपण नेहमी उसना घेतो तेव्हा कमी करतो, इथे वाढवायचा). ६३ − ३८: ऋ१४३ − ऋ१७८. ३ − ८ = −५, लिहा ५, पुढे १. ४ − ७ + १ = −२, लिहा ८, पुढे १. १ − १ + १ = १. ऋ१८५, म्हणजे २५.

गुणाकारात तर शाळेत ज्याने सगळ्यांना छळलं ते "ऋण गुणिले ऋण धन" आपोआप पडतं. −५ × −७ म्हणजे ऋ१५ × ऋ१३. आधी ३ ने: ५ × ३ = १५, ५ लिहा, हातचा −१, १ × ३ − १ = २, म्हणजे ऋ२५. मग १ ने, एक घर सरकवून, ऋ१५०. दोघांची बेरीज ऋ१७५. १०० − ७० + ५ = ३५. तीन अंक आले म्हणून धन, कुठलाही चिन्हाचा नियम लावला नाही. जो कोणी विचारतो की वजा गुणिले वजा अधिक का, त्याला हे एक उदाहरण करून दाखवा, सिद्धता नाही म्हणता येणार पण डोळ्यासमोर घडताना दिसतं.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते, विभाज्यतेच्या कसोट्या. नेहमीच्या पद्धतीत ९ ची कसोटी म्हणजे अंकांची बेरीज आणि ११ ची म्हणजे एकाआड एक अंक अधिक वजा करायचे. पाया −१० केला की या दोघी जागा बदलतात. अंकांची बेरीज केली की ११ ची बाकी कळते आणि एकाआड एक अधिक वजा केलं की ९ ची. ऋ११९ म्हणजे ९९, अंकांची बेरीज ११, म्हणून ११ ने भाग जातो, आणि उजवीकडून ९ − १ + १ = ९, म्हणून ९ नेही जातो. १२१ म्हणजे ऋ२८१, बेरीज ११. आपला १९६०, ऋ१८०४०, बेरीज १३, ११ काढले की २, आणि १९६० ला ११ ने भागलं की खरंच बाकी २ (११ × १७८ = १९५८).

हा काही योगायोग नाही. कुठलाही पाया घ्या, अंकांची बेरीज ही पाया वजा १ ची कसोटी असते आणि एकाआड एक ही पाया अधिक १ ची. पाया १० असेल तर ९ आणि ११. पाया −१० असेल तर −१० − १ = −११ आणि −१० + १ = −९. भाग जातो की नाही बघताना चिन्हाने फरक पडत नाही, म्हणून ११ आणि ९. अदलाबदल झाली ती एवढ्यानेच. ३ ची कसोटी ९ च्या मागे मागे जाते, म्हणजे तिलाही आता एकाआड एक.

७ आणि १३ साठी तर ही पद्धत नेहमीच्यापेक्षा सोपी आहे असं माझं मत. नेहमीच्या पद्धतीत तीन तीन अंकांचे गट करून एकाआड एक अधिक वजा करावे लागतात, कारण १००० हा १००१ पेक्षा एकने कमी आणि १००१ = ७ × ११ × १३. इथे हजाराचं स्थानच −१००० आहे, आणि −१००० मध्ये १००१ मिळवले की १, म्हणून गटांची नुसती बेरीज करायची. ऋ१८०४० चे गट १८ आणि ०४०. ऋ१८ म्हणजे −२, ऋ०४० म्हणजे −४०, बेरीज −४२. ४२ ला ७ ने भाग जातो, म्हणजे १९६० ला पण जातो (७ × २८०). १३ ने जात नाही कारण ४२ ला १३ ने जात नाही. जाता जाता, ऋ१११ म्हणजे १०० − १० + १ = ९१ = ७ × १३, तेही याच कुटुंबातलं.

२, ५ आणि १० साठी शेवटचा अंक बघायचा, तिथे काही बदललं नाही. ४ साठी शेवटचे दोन अंक नेहमीसारखे वाचले तरी चालतं, कारण दशकातला अंक अधिक घेतला काय वजा घेतला काय, फरक २० च्या पटीत पडतो आणि २० ला ४ ने भाग जातो. पण म्हणून ८ ला तसंच करायला जाऊ नका, २० ला ८ ने भाग जात नाही. १६ म्हणजे ऋ१९६, आणि १९६ ला ८ ने भाग जात नाही, पण १६ ला जातो. तिथे शेवटच्या तीन अंकांची खरी किंमत काढूनच बघायचं.

हेच सगळं पाया −२ घेऊन पण होतं, अंक फक्त ० आणि १, स्थानं १, −२, ४, −८, १६, −३२. २ म्हणजे ११० (४ − २), ३ म्हणजे १११, ६ म्हणजे ११०१०, −१ म्हणजे ११, −३ म्हणजे ११०१. पाया वजा १ इथे −३, म्हणून संख्येत १ किती आहेत ते मोजा, ३ ने भाग जातो की नाही लगेच कळतं, ६ मध्ये तीन, −३ मध्ये तीन. बेरजेत १ + १ आला की ० लिहून हातचा −१ घ्या. काही ठिकाणी "२ म्हणजे ११०, म्हणून पुढच्या दोन स्थानांत १ १ द्या" असं सांगतात, ते चुकीचं नाही पण त्याने ११ + १ करून बघा, म्हणजे −१ + १, हातचे पुढे पुढे सरकतच राहतात आणि उत्तर कधी संपत नाही. −१ वाला हातचा दोन स्टेपमध्ये शून्यावर आणतो.

बदलायची एक जबरदस्त युक्तीपण आहे, आठ बिटांसाठी सांगतो. संख्येत १७० मिळवा (साध्या द्विमानात १०१०१०१०), आणि जे येईल त्याचं १०१०१०१० शी एक्सॉर करा, म्हणजे जिथे बिट सारखे तिथे ० आणि वेगळे तिथे १. ६ + १७० = १७६ = १०११००००, एक्सॉर केलं की ०००११०१०, म्हणजे ११०१०. −३ + १७० = १६७ = १०१००१११, एक्सॉर केलं की ००००११०१. आठ बिटांत −१७० ते ८५ एवढ्याच संख्या मावतात, हे एकतर्फी आहे, ऋण दुप्पट आणि धन निम्मे, आणि कॉम्प्युटरवाल्यांना ते गैरसोयीचंच. तरी पोलंडमध्ये १९५७ ते ५९ दरम्यान बिनेग नावाचा कॉम्प्युटर याच पायावर बांधला होता. पुढे जगभर टूज कॉम्प्लिमेंट (साध्या पाया २ मध्येच ऋण संख्या साठवायची पद्धत) रुळलं आणि हे मागे पडलं.

सरावाला तीन देतो, आधी स्वतः करा मग उत्तर बघा. राज्याभिषेकाचं साल १६७४: ऋ१९७३४, आणि ४ − ३ + ७ − ९ + १ = ०, म्हणजे ९ ने भाग जातो. मग −२७३: ऋ१८८७. आणि −९७, यात दशकात ९ + १ = १० होतात, तिथे ० लिहून हातचा पुढे न्या, मग शतकात आलेल्या १ चा पूरक ९ आणि हजारात १: ऋ१९०३.